सदतिसावा डबा

पुण्यात होडी आहे असं सांगितलं की लोक "कशाला?" असं विचारतात. प्रश्न रास्त आहे. नऊ वर्षं मी स्वतःलाच तो विचारत होतो आणि दर हिवाळ्यात हातात पॉलिश पेपर घेऊन उत्तर टाळत होतो.

होडी मुळात माझी नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे. त्यांना पोहता येत नव्हतं. समुद्र त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा भेळ खाऊन परत आले. तरीही रद्दीत सापडलेल्या एका नकाशावरून त्यांनी चौदा फुटांची लाकडी होडी बांधली, तिला डोलकाठी बसवली, शीड चढवलं आणि शहराबाहेर धरणाच्या पाण्यावर एका धक्क्याला नेऊन बांधली. पुढच्या टोकाला तिला एक झाकलेली कोठडी आहे. तीत एक माणूस मावतो. मावलेला माणूस बाहेर काढायला दुसरा लागतो. दर रविवारी दाजी आणि ताई त्या होडीतून पलीकडच्या काठावर जायचे, दशम्या खायचे आणि परत यायचे. सुकाणू ताईकडे असायचं, कारण दाजींना डावं-उजवं पटकन सुचत नसे.

दाजी गेले त्याला गेल्या वर्षी नऊ वर्षं झाली. तेव्हापासून होडी एकदाही धक्क्यावरून हलली नव्हती. याला जबाबदार मी. ताईला एकटीला डोलकाठी उभी करता येत नाही म्हणून मी मदतीला गेलो, आणि मी तर आयुष्यभर एका कंपनीत मालाच्या तपासणीच्या खात्यात होतो. अर्धवट काम माझ्या हातून पास होत नाही. दर वर्षी पाऊस संपला की मी, माझी बायको आणि ताई होडीवर जायचो. साचलेलं पाणी उपसायचो, शेवाळ खरवडायचो, फटींत लांबी भरायचो, व्हार्निश द्यायचो. मग मी डोलकाठीच्या बुडाशी असलेली आडवी खीळ हातात घ्यायचो.

ही खीळ पितळेची, बोटाएवढी जाड. तिच्यावर डोलकाठी उभी राहते. दाजींनी ती कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत केली होती. डोलकाठीला भोक पाडताना त्यांनी दोन्ही बाजूंनी ड्रिल चालवलं आणि मधे दोन्ही भोकांची भेट जरा चुकली. नवीन भोक पाडायचं सोडून त्यांनी खीळच तेवढी वाकवली. वाकडी खीळ! मी दर वर्षी ती नापास करायचो. ताई ती बदलू द्यायची नाही. या वादात ऊन तापायचं आणि मी म्हणायचो, "आता पुढच्या वर्षी बघू." ताई "बरं" म्हणायची. त्या "बरं"चा अर्थ मला फार उशिरा कळला.

गेल्या हिवाळ्यात धक्क्याच्या मालकांनी विषय संपवला. ते तिथल्याच गावातले. प्लास्टिकच्या पिंपांवर फळ्या टाकून त्यांनी धक्का केला आहे आणि दहा-बारा होड्या सांभाळतात. मी शेवाळ खरवडत असताना ते काठावर उकिडवे बसले आणि म्हणाले, "सायब, ही होडी न्हाई. कपाट हाय."

"म्हणजे?"

"नऊ वर्सं बघतोय. तुमी येता, झाकण काढता, पुसता, आन् झाकण लावून जाता. ह्यो धक्का हाय, माळा न्हाई. रथसप्तमीला शीड वर दिसलं तर ऱ्हाऊ द्या. न्हाईतर वढून काठावर घेतो. घरच्यांना कोथिंबीर लावायची हाय."

मला वाटलं थट्टा करतायत. मग त्यांनी बोट दाखवलं. पलीकडे एका डॉक्टरांची न हलणारी होडी काठावर घेतलेली होती. तिच्यात माती भरून मेथी लावली होती. मेथी उत्तम आली होती, हे मला कबूल करावं लागलं.

परतीच्या वाटेवर ताई गाडीत मागे बसली होती. गाडी सिंहगड रस्त्याला लागली. तेव्हा ती म्हणाली, "मला त्यात कोथिंबीर नको रे." ताई मुळात कमी बोलते. एवढं बोलली म्हणजे आतून हलली होती. मी तिला शब्द दिला की रथसप्तमीला शीड वर जाईल. खिळीसकट, असंही म्हणालो. तो माझा मोठेपणा.

मग मी कामाला लागलो, आणि मी कामाला लागलो की घरात राहणं अवघड होतं. होडीतलं सगळं सामान तपासणीसाठी आमच्या फ्लॅटवर आणलं. दोर उशांच्या अभ्र्यांत भरून वॉशिंग मशीनमध्ये घातले. सुकाणू दिवाणावर झोपवलं. कोठडीतून निघालेल्या वस्तूंची यादी केली: मेणबत्त्या, छत्री, गंजलेला अडकित्ता, डाव्या पायाच्या तीन चपला. डाव्या पायाच्याच का, याचा मी दोन दिवस विचार केला.

शीड दोन ठिकाणी उसवलं होतं. पुण्यात शीड शिवणारा शोधणं म्हणजे दिव्यच. शेवटी मार्केट यार्डाजवळ ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे एक चाचा सापडले. तीन पिढ्यांचं काम, हात सुरेख. त्यांनी कापड बोटांत चोळून विचारलं, "गाडी कोणती?"

"होडी."

"सहाचाकी का दहाचाकी?"

मी चित्र काढून दाखवलं. त्यांनी शीड अप्रतिम शिवलं, पण कडेनं चौदा गोल कड्या जास्त ठोकल्या. म्हणाले, "वाऱ्यानं उडायला नको." शिडाचं कामच वारा धरणं आहे, असं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आणखी दोन कड्या ठोकल्या.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग संक्रांत आली. बायकोचं हळदीकुंकू दर वर्षी आमच्या घरी असतं, छत्तीस बायका येतात. तिनं मला रविवार पेठेत पाठवलं: वाणासाठी तीन डझन छोटे स्टीलचे डबे आणा, घट्ट झाकणाचे. डबे इतके सुबक होते की मला मोह आवरला नाही. वाणाचे तीन डझन आणि होडीच्या सुट्या भागांसाठी आणखी दोन डझन, असे साठ डबे घेऊन मी घरी आलो. नट, बोल्ट, कड्या, कप्प्या, खीळ, प्रत्येकाला आपापला डबा. झाकणावर चिठ्ठी लावली तर पाण्यानं निघते, म्हणून मी चिठ्ठ्या बुडाला लावल्या. या विचाराचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

बायकोनं तिच्या छत्तीस डब्यांत काटेरी हलवा भरला. मग ती घरभर फिरली. दिवाणावर सुकाणू, खिडकीत दोर, जेवणाच्या टेबलावर शीड.

"अहो, बायका बसणार कुठं?"

"आणखी आठ दिवस लागतील."

"ठीक आहे," ती म्हणाली. "होडी घरात आली आहे ना? मग हळदीकुंकू होडीत जाईल."

मला वाटलं ती रागावून बोलतेय. ती रागावूनच बोलत होती, पण संध्याकाळपर्यंत छत्तीस जणींना निरोप गेले होते. धक्क्याच्या मालकांना मी फोन केला. त्यांनी आधी बायकांचा आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाले, "होडी बुडत न्हाई. पर येवढ्या बाया चढल्यावं काय सांगता येत न्हाई."

मी नियम केले. एका वेळी तीन बायका. प्रत्येकीला लाइफ जॅकेट. चपला धक्क्यावर. बसल्यावर हलायचं नाही. हळदीकुंकवाच्या रविवारी सकाळीच मी सगळं सामान, डब्यांसकट, परत होडीवर नेऊन लावलं, कारण दुसऱ्या दिवशी डोलकाठी उभी करायचा बेत होता. वस्तू जातवारीनं ठेवाव्यात हा माझा शिरस्ता. म्हणून डबे डब्यांपाशी: वाणाच्या डब्यांची पिशवी आणि होडीच्या डब्यांची पिशवी, दोन्ही एकाच बाकाखाली, शेजारी शेजारी.

ताई धक्क्यावर उभी राहिली. बायकांना हात देऊन चढवणं, जॅकेटं घालणं, उतरवणं. ते काम तिनं आपणहून मागून घेतलं होतं. नऊ वर्षांत ती कुणाच्याही हळदीकुंकवाला बसलेली नव्हती. पहिल्या वर्षी तिला कुणी बोलावलं नाही आणि नंतर बोलावलं नाही याची सगळ्यांना सवय झाली. मी तिला तिथं बघितलं आणि मनात म्हटलं, बरं झालं, माणसांचं नियोजन झालं.

काळ्या साड्या आणि त्यांवर भगवी जॅकेटं. तिघी तिघी होडीत उतरत, बायको हळदीकुंकू लावी, गुलाबपाणी शिंपडी, वाण हातात ठेवी. होडी एकदा डावीकडे कले, एकदा उजवीकडे. तीन तुकड्या अगदी व्यवस्थित गेल्या. चौथ्या तुकडीतल्या आमच्या शेजारीण बाई, बँकेतून निवृत्त झालेल्या, उठायला गेल्या आणि त्यांना उठता येईना.

"अहो, बाक सोडत नाहीये मला," त्या म्हणाल्या.

व्हार्निश वाळलं नव्हतं. मी स्वतः तपासून पास केलेलं व्हार्निश! थंडीत ते वाळायला जास्त दिवस लागतात हे मला नव्यानं कळलं. तिघींना सोडवताना होडी अशी डुलायला लागली की हळदीकुंकवाचं ताटच कलंडलं आणि कुंकू त्या ओल्या बाकावर कायमचं बसलं. मी रॉकेलचा बोळा घेऊन बाईंचा पदर सोडवत होतो, बाई मला दर दोन मिनिटांनी "आपला अनुभव दांडगा दिसतो" म्हणत होत्या, मागे चोवीस बायका धक्क्यावर खोळंबल्या होत्या आणि बायको हाताला लागेल तो डबा काढून देत होती. हलवा आणि नट-बोल्ट, दोन्ही डब्यात सारखेच खुळखुळतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण बाईंचा फोन आला. "वाण फार उपयोगी दिलंत हो यंदा. फक्त कशासाठी उपयोगी ते कळवा."

मी धावत धक्क्यावर गेलो. बाकाखाली तेवीस डबे उरले होते. सोळांत हलवा, सातांत होडीचे भाग. म्हणजे सतरा डबे होडी छत्तीस घरांत वाटली गेली होती. त्यांत "डोलकाठी – खीळ" अशी चिठ्ठी असलेलाही डबा होता. रथसप्तमीला अकरा दिवस होते.

आता वाण परत कसं मागायचं? दिलेलं वाण मागून घेत नाहीत, बायकोचा जीव त्या कल्पनेनंच अर्धा झाला. शेवटी तोडगा निघाला: मागायचं नाही, बदलून द्यायचं. प्रत्येक घरी जायचं, पुन्हा हळदीकुंकू लावायचं, आणि डब्यात होडीचा भाग निघाला तर हलव्याचा डबा देऊन तो उचलायचा. सोळा डबे आधीच भरलेले होते. बायकोनं नावांची यादी घेतली, मी तपासणीची वही घेतली आणि ताईला बरोबर घेऊन आम्ही निघालो. ताई मात्र कुठल्याच घरात आली नाही. "तुम्ही जाऊन या, मी गाडीत बसते," म्हणायची. मला वाटायचं, पार्किंगच्या भानगडीमुळे.

एका घरातल्या ऐंशी वर्षांच्या सासूबाईंनी बोल्ट कुकरमध्ये शिजवले होते. "हलवा फार जुना दिसतोय तुमचा," त्या बायकोला म्हणाल्या, "दोन शिट्ट्या दिल्या, तरी दाद देईना." दुसऱ्या घरातल्या गृहस्थांनी आमची कप्पी कपडे वाळत घालायच्या दांडीला लावली होती. ते ती सोडायला तयार होईनात. "बारा वर्षांत पहिल्यांदा ही दांडी न कुरकुरता वर गेली," ते म्हणाले आणि माझ्यासमोर ती चार वेळा खालीवर करून दाखवली. कप्पी खरोखर सुरेख चालत होती. मी त्यांना बाजारातून दुसरी आणून बसवून दिली, तेव्हा कुठं सुटका झाली.

येरवड्याच्या बाईंनी तर डबा पुढे दुसऱ्या कुणाला तरी वाण म्हणून देऊन टाकला होता. कुणाला, ते त्यांना आठवेना. "वाण फिरतंच ना," त्या म्हणाल्या. त्यावर बायकोनं मान डोलावली. आमच्या घरातही फिरतं.

शिवाय संक्रांतीच्या दिवसांत घरी आलेल्या सवाष्णीला कुणी रिकाम्या हातानं पाठवत नाही. त्यामुळे होडीचा डबा मिळो न मिळो, प्रत्येक घरातून आम्ही एक नवीन वाण घेऊन यायचो. गाळणी, साबणाच्या डब्या, कंगवे, एक कपड्यांचा ब्रश. गाडी भरत चालली. स्वारगेटजवळच्या घरातून निघताना तिथल्या बाईंनी बायकोच्या हातात एक स्टीलचा डबा ठेवला. तो खुळखुळला. मी जिन्यातच तो उलटा केला. बुडाला माझ्या अक्षरात लिहिलं होतं: "सुकाणू – बिजागरीचे स्क्रू". येरवड्याचा डबा! मी आनंदानं ओरडलो. बाईंनी दार लावून घेतलं.

सात दिवसांत छत्तीस नावांपुढे छत्तीस खुणा झाल्या. सोळा डबे परत आले. खिळीचा आला नाही.

मी हिशेब पुन्हा केला. साठ डब्यांतून छत्तीस वजा केले तर चोवीस उरायला हवेत. माझ्याकडे तेवीस उरले होते. म्हणजे एक डबा कुणाच्याच नावावर नव्हता, आणि त्यातच खीळ होती. निष्कर्ष एकच: गोंधळात तो पाण्यात पडला. मी लाउडस्पीकरचं मोठं लोहचुंबक मिळवलं, दोराला बांधलं आणि दिवसभर धक्क्यावरून पाण्यात सोडत बसलो. सायकलची साखळी निघाली, एक खुरपं निघालं. धक्क्याच्या मालकांनी खुरपं ओळखलं आणि आभार मानून घेऊन गेले.

ताई शेजारी बसून सगळं बघत होती. उन्हं कलल्यावर म्हणाली, "खीळ पितळेची आहे रे. आणि डबा स्टेनलेसचा. चुंबकाला नाही चिकटत."

"मग सकाळी का नाही सांगितलंस?"

"तू इतका मन लावून करत होतास," ती म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी भोसरीला एका लेथवाल्याकडे गेलो. मापं सांगितली.

"करून देतो. एकदम सरळ," तो म्हणाला.

"सरळ चालणार नाही. वाकडी हवी."

"किती वाकडी?"

हे मला सांगता येईना. नऊ वर्षं मी ती खीळ वाकडी म्हणून नापास करत होतो आणि किती वाकडी आहे हे एकदाही मोजलं नव्हतं. "सँपल आणा साहेब," तो म्हणाला. "सँपल बघून हवी तेवढी वाकडी करून देऊ." मी त्याच्या स्टुलावर बराच वेळ बसून राहिलो. मला माझी लाज वाटली. घरी येऊन बायकोला हे सांगितलं. ती काही बोलणार होती, पण बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "रथसप्तमीला जाऊ तर खरं. बघू."

रथसप्तमीला सकाळी आठ वाजता आम्ही तिघं धक्क्यावर पोचलो. काठावर मातीची एक ट्रॉली उभी होती. शेजारी शेणखताचं पोतं. मालकांच्या हातात कोथिंबिरीसाठी धन्यांची पुरचुंडी होती आणि पेरण्याआधी ते पायानं चुरायला ते जागा शोधत होते.

"या," ते म्हणाले. "घाई न्हाई. दुपारपतुर वाट बघतो."

मी डोलकाठी उभी केली आणि भोकात पेचकस घातला. डोलकाठी मावळत्या दिशेनं आडवी झाली. मग लाटण्याचं टोक घातलं, तेव्हा ती धक्क्यावर आडवी झाली आणि मालकांना उडी मारावी लागली. तिसऱ्यांदा सळईचा तुकडा ठोकायला घेतला, पण मधल्या वळणावर तो अडला आणि हातोडी माझ्या अंगठ्यावर बसली. मी खाली बसलो. "ताई, मला माफ कर," म्हणालो.

बायको धक्क्यावर उभी होती. ती म्हणाली, "अहो, सदतिसावा डबा पाण्यात नाही पडला. मी दिलाय."

"कुणाला?"

"ताईंना. सगळ्या गेल्यावर, तुम्ही काठावर जॅकेटं मोजत होतात तेव्हा. त्यांना होडीत बसवलं, कुंकू लावलं आणि वाण दिलं."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस? मी गाळ उपसत बसलो होतो!"

"छत्तीस जणींकडे मागितलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते. "त्यांच्याकडे मागणार नाही मी. नऊ वर्षांनी दिलेलं वाण तुमच्या त्या यादीसाठी परत घेऊ? कोथिंबीर येऊ दे."

मी ताईकडे बघितलं. तिनं खांद्यावरची पिशवी पुढे घेतली होती. आतून एक खणाचा तुकडा काढला, तो उलगडला. डबा. घट्ट झाकणाचा, अजून न उघडलेला.

"मी उघडलाच नाही," ताई म्हणाली. "रोज देवापुढे ठेवत होते. हलवला की वाजायचा. एकच वस्तू वाजते असं वाटायचं. हलवा असता तर खूप दाणे वाजले असते." ती थांबली. "मला कळत होतं रे. गाडीत बसल्या बसल्या कळत होतं. पण उघडला असता तर तुम्हाला द्यावा लागला असता. आणि हे मला कुणीतरी दिलं होतं."

मालकांनी धन्यांची पुरचुंडी खिशात घातली.

ताईनं झाकण काढलं. आत दाजींची खीळ होती, पितळेची, वाकडी. ताईनं ती तळहातावर घेतली आणि आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. "बघ की," ती बायकोला म्हणाली, "वाणात काय आलंय माझ्या."

डोलकाठी मी आणि मालकांनी धरली. खीळ ताईनं स्वतः घातली. मधल्या वळणाशी तिनं मनगट जरासं फिरवलं आणि ती आत गेली, ठोकावी लागली नाही. ताडपत्रीसारखं सोळा जादा कड्यांचं शीड वर चढलं. वारा आला, कड्या वाजल्या आणि होडी धक्का सोडून निघाली. सुकाणू ताईकडे होतं. बायको कुंकवाच्या बाकावर बसली होती, लाइफ जॅकेट घालून. मी कोठडीत मावलो होतो आणि मला बाहेर काढायला कुणाला वेळ नव्हता. मालक काठावरून ओरडले, "आता कपाट न्हाई!"

पलीकडच्या काठावर आम्ही दशम्या खाल्ल्या. निघताना ताईनं रिकामा डबा पुन्हा खणात बांधायला घेतला, तेव्हा बायकोनं तो तिच्या हातून घेतला आणि बरोबर आणलेल्या हलव्यानं भरून परत दिला.

या हिवाळ्याची आवरासावर आता सुरू झाली आहे. डोलकाठी उतरवली, दोर अभ्र्यांत गेले. चिठ्ठ्या मी आता झाकणांवर लावतो. बायकोच्या हळदीकुंकवाच्या यादीत यंदा सदतीस नावं आहेत आणि ताईचं पहिलं आहे. माझ्या तपासणीच्या वहीत सगळ्या भागांपुढे होडीतली जागा लिहिली आहे. फक्त एका ओळीत लिहिलं आहे: खीळ, पितळी. वाकडी. पास. ठिकाण: ताईकडे.